लघुशंका मोठी होण्याआधी

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच करंगळी वर केलेली आहे. तोंडाने काही म्हणायची गरज नव्हती, बाईंना कळायचं. मोठे झाल्यावर करंगळी गेली, पण आडून बोलणं राहिलं. ‘एक नंबर’, ‘जरा जाऊन येतो’, आणि फारच सभ्य भाषा हवी असेल तर ‘लघुशंका’. शब्दशः पाहिलं तर लहान शंका. ‘लघवी’ हा रोजचा शब्दसुद्धा त्याच ‘लघु’वरून आलेला.

बोलताना थोडा आडपडदा असायला हरकत नाही. अडचण होते ती आजारपणात. लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, ‘उष्णता झाली’ किंवा ‘उन्हाळी लागली’. एकदा कारण उष्णता ठरलं, की उपायही ठरतो: धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकमचं सरबत, शहाळं. हे सगळं चांगलंच आहे. पण जळजळ जंतूंमुळे होत असेल, तर सब्जाने जंतू मरत नाहीत. चार दिवस वाट पाहण्यात जातात, आणि पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप येतो.

म्हणून या लेखात आडून न बोलता मूत्रपिंड आणि मूत्रमार्ग यांच्या नेहमीच्या तक्रारी पाहू. कुठली तक्रार साधी, कुठल्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे जायचं आणि कुठल्या वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबायचं नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आत काय चालू असतं?

मूत्रपिंडं म्हणजे किडन्या. पोटाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या मुठीएवढी. प्रत्येकीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त या दोघींमधून फिरतं. दिवसभरात जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्के शरीर परत घेतं. उरतो तो दीड-दोन लिटर, तीच लघवी.

पण गाळणं हे एकच काम नाही. रक्तदाब सांभाळणं, रक्तातले क्षार आणि आम्ल यांचा तोल राखणं, तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला पाठवणं, ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल असं करणं ही सगळी कामं किडनीच करते. किडनी बिघडली की माणूस फिका पडतो, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो, त्याचं कारण हेच.

किडनीतून लघवी दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत येते. पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. तिथून मूत्रमार्गाने बाहेर. पुरुषात हा शेवटचा मार्ग १८ ते २० सेंटीमीटर लांब असतो, स्त्रीत जेमतेम ४ सेंटीमीटर. पुढची निम्मी गोष्ट या एका फरकात आहे.

उन्हाळी लागणे

लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय नावाचा जंतू. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथे काही त्रास देत नाही. गुदद्वाराजवळून मूत्रमार्गात शिरला, की त्रास सुरू. बाईच्या शरीरात हे अंतर कमी, मार्ग आखूड, म्हणून सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि अस्वच्छतेचा शिक्का मारण्यासारखंही काही नाही.

लक्षणं ठरलेली: लघवी करताना आग, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं पण थेंब-थेंबच होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची, कधी तांबूस. संसर्ग पिशवीपुरता असेल तर योग्य औषधाने थोड्या दिवसांत बरं वाटतं. तो वर किडनीपर्यंत चढला, तर हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं आणि उलट्या. ही वेळ घरी काढायची नाही.

कॉलेजातल्या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सकाळी सातला घरून निघायचं, बसने तासभर प्रवास, बाहेरची स्वच्छतागृहं नकोशी वाटतात, म्हणून अनेक जणी पाणीच पीत नाहीत. दुपारी तीनला घरी पोचेपर्यंत लघवी दाबून धरतात. लघवीची धार मूत्रमार्गात शिरलेल्या जंतूंना धुऊन काढत असते. धार तासन्तास थांबली की त्यांना वाढायला सवड मिळते. म्हणजे स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह ही चैन नव्हे, आरोग्याची गरज आहे. विद्यार्थी प्रतिनिधींनी कॅन्टीनच्या समोशावर जितका आवाज चढवला, त्याच्या निम्मा जरी यासाठी चढवला तरी चालेल.

बाकीच्या सवयी साध्या आहेत. शौचानंतर पुसताना किंवा धुताना पुढून मागे. लघवी दाबून न ठेवणं. शरीरसंबंधानंतर लघवीला जाऊन येणं. लग्नानंतर सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ जणींना हा त्रास होतो आणि घरात कोणाला सांगता येत नाही. सुगंधी फवारे आणि कडक साबण तिथे न वापरणं.

औषधाबद्दल दोन गोष्टी. पहिली, मैत्रिणीची उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नये. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे लघवीच्या कल्चर तपासणीत कळतं. त्याचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून डॉक्टरने ती तपासणी सांगितली असेल, तर नमुना औषधाच्या पहिल्या गोळीआधी द्यावा, तोही सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा. दुसरी, बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नये. अँटिबायोटिक अशी अर्धवट आणि मनाला येईल तशी घेतल्यानेच औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

पुरुष, लहान मूल, गरोदर स्त्री आणि मधुमेही यांना लघवीचा संसर्ग झाला तर तो ‘साधा’ समजू नये, डॉक्टरला दाखवावंच. शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या काही आजारांतही जळजळ होते. तेव्हा डॉक्टरने प्रश्न विचारले तर खरं उत्तर द्यावं. तो नैतिकतेचा तास घ्यायला बसलेला नसतो.

मुतखडा आणि त्याच्या आख्यायिका

मुतखड्याची कळ ज्याने सोसली, त्याला लक्षण सांगावं लागत नाही. कुशीत अचानक सुरू होऊन जांघेकडे उतरणारी कळ, माणूस एका जागी बसू शकत नाही, घाम, मळमळ, कधी लघवीतून रक्त. साध्या पाठदुखीत आणि यात फरक असा, की पाठ आखडलेली असेल तर वाकल्यावर दुखतं आणि पडून राहिलं की बरं वाटतं. खड्याची कळ कूस बदलून कमी होत नाही. पाठ दुखली की लगेच किडनी, असं समजायचंही कारण नाही. बहुतेक पाठदुखी स्नायूंची असते.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवी घट्ट झाली की क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण जमतात. आपल्याकडचा उकाडा, घामाने जाणारं पाणी आणि कमी पिणं हे त्याला पोषकच. ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. मोठा असेल तर ध्वनिलहरींनी फोडणं किंवा दुर्बिणीतून काढणं असे उपाय आहेत.

घरगुती उपायांची यादी मात्र प्रत्येक वाड्यावर वेगळी. कुळथाचं कढण प्या, पानफुटीचं पान चावा आणि आपल्या गोव्यात हमखास मिळणारा सल्ला, ‘बियर पी, खडा पडतो.’ कुळथाच्या कढणाने पोटात पाणी जातं, तेवढं बरं. पण ऑक्झलेटचा खडा कशानेही विरघळत नाही, आणि बियरने तर मुळीच नाही. बियरने लघवी जास्त होते, नंतर शरीरातलं पाणी कमी होतं, आणि खडा वाटेत अडकलेला असेल तर मागे तुंबलेल्या लघवीत भरच पडते.

‘दूध बंद करा, कॅल्शियम असतं’ हाही चुकीचा सल्ला. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी शिरतं. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर उलट खडे वाढू शकतात. टोमॅटोच्या बियांचा दोष नावापुरता. पालकात ऑक्झलेट त्याहून कितीतरी जास्त. खरा गुन्हेगार मीठ: ते जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. सुकी मासळी, लोणचं, पापड, वेफर्स यांचा हिशोब धरा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगितलं आहे. पाणी इतकं प्यावं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल आणि तिचा रंग फिका पिवळा राहील. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मात्र त्यात मीठ-साखर भरपूर नको.

खड्याच्या दुखण्याबरोबर ताप आला, तर अडलेल्या लघवीत संसर्ग झाला असं समजायचं. मग कढण नाही, थेट इस्पितळ.

न बोलणारा आजार

आतापर्यंतचे आजार बोलके होते. जळजळ होते, कळ येते, माणूस डॉक्टरकडे जातो. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार तसा नाही. गाळण्या एकेक करून निकामी होत जातात, उरलेल्या त्यांचं काम ओढतात आणि माणसाला काहीच जाणवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेलं दिसेपर्यंत जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असू शकते.

याची दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. हे दोन्ही आपल्याकडे घरोघरी आहेत. ‘बाबांची शुगर थोडी असते’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्या ‘थोडी’त दहा वर्षं गेली की किडनीवर परिणाम दिसू लागतो.

ओळखायचं कसं? लघवीला साबणासारखा, पाणी ओतूनही न जाणारा फेस येणं, म्हणजे बहुधा प्रथिनं गळत आहेत. सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पावलांवर सूज. रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं. कारण नसताना थकवा, फिकेपणा, अंगाला खाज, जेवणावर वासना नसणं, मळमळ, पुढे धाप. यातली बरीच लक्षणं उशिराची आहेत, म्हणून त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. लवकर सापडतं ते तीन साध्या गोष्टींत: रक्तदाब मोजणं, लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं आणि रक्तातलं क्रिएटिनिन. क्रिएटिनिनवरून किडनीचा गाळण्याचा वेग काढतात. तो तीन महिने ६०च्या खाली राहिला तर दीर्घकालीन आजार म्हणतात, १५च्या खाली गेला तर किडनी निकामी झाली असं समजतात. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेलं कोणी असेल, तर वर्षातून एकदा या तपासण्या करून घ्याव्यात. खर्च फार नाही.

यातही एक प्रकार असा आहे, की त्याला ना मधुमेह कारण ना रक्तदाब. आंध्र प्रदेशातला उद्दानम प्रदेश आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत त्यासाठी जगभर ओळखले जातात. लांब कशाला, आपल्या काणकोण तालुक्यातही असे रुग्ण आढळले आहेत. शेतात आणि उन्हात राबणारी माणसं याला बळी पडतात. काणकोणच्या भूजलातली सिलिका आणि शिसं यांच्याकडे संशोधकांनी बोट दाखवलं आहे. उन्हात पाण्याविना काम, वेदनाशामक गोळ्या, कीटकनाशकं ही कारणंही वेगवेगळ्या देशांत चर्चेत आहेत. एकच एक कारण ठरलेलं नाही. पण त्या भागातल्या घरातल्या माणसांनी काहीच त्रास नसतानाही तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

अचानक बसणारा धक्का

किडनी काही दिवसांत, कधी काही तासांतही कोलमडू शकते. हगवण-उलट्यांनी शरीरातलं पाणी जाणं हे नेहमीचं कारण. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून तो जखमेवाटे शिरतो आणि किडनी-यकृतावर घाव घालतो. शेतात काम करून किंवा साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं आणि लघवी कमी होणं दिसलं, तर डॉक्टरला पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा. घोणस चावल्यावरही किडनी निकामी होऊ शकते, म्हणून मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये.

आणि वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या फार्मसीत सहज मिळतात. एखादी घेतल्याने निरोगी माणसाचं सहसा बिघडत नाही. पण फुटबॉलच्या सामन्यानंतर, घामाने पाणी गेलेलं असताना किंवा हगवण लागलेली असताना घेतल्या, किंवा आजीने गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं रोज घेतल्या, तर किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. जिममध्ये जाणाऱ्यांनी क्रिएटिन घेत असाल तर तपासणीच्या वेळी तसं सांगा. त्याने क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो.

परसातल्या दोन फळांविषयीही सांगायलाच हवं. करमल आणि बिलिंबी. लोणच्यातली एखादी फोड निरोगी माणसाला चालते. पण किडनीच्या रुग्णाला करमल विषासारखं ठरतं: न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके. बिलिंबीचा घट्ट रस ‘कोलेस्टेरॉलवर औषध’ म्हणून प्यायल्याने चांगल्या किडन्या निकामी झाल्याची प्रकरणं केरळात नोंदली गेली आहेत. किडनीच्या रुग्णाने शहाळंही डॉक्टरला विचारूनच घ्यावं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं.

एवढं लक्षात ठेवा

त्याच दिवशी डॉक्टर किंवा इस्पितळ:
– थंडी वाजून ताप आणि त्याबरोबर कुशीत दुखणं किंवा लघवीची जळजळ
– लघवी अजिबात न होणं, किंवा दिवसभरात दोन पेल्यांहून कमी होणं
– खड्याच्या कळेबरोबर ताप, किंवा न थांबणाऱ्या उलट्या
– सूज आणि धाप एकदम वाढणं
– म्हाताऱ्या माणसाचं लघवीच्या त्रासाबरोबर अचानक असंबद्ध बोलणं

या आठवड्यात डॉक्टर:
– लघवीतून रक्त, दुखत नसलं तरी. न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं, विशेषतः तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांत. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, एवढं आधी आठवा.
– टिकणारा फेस, डोळ्यांखाली किंवा पावलांवर सूज
– घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं. यात लघवीही कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.
– पन्नाशीनंतर पुरुषाची धार बारीक होणं, रात्री चार-चार वेळा उठणं. ‘वय झालं’ म्हणून सोडू नये, प्रोस्टेटवर औषध आहे.

किडन्या निकामी झाल्या तरी सगळं संपत नाही, हेही सांगितलं पाहिजे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सॉसेजची वेष्टणं वापरून डायलिसिसचं यंत्र उभं केलं. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये किडनीचं पहिलं यशस्वी रोपण झालं. भारतात हे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९७१ साली करून दाखवलं. गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळावं म्हणून २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. पण डायलिसिस म्हणजे सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला बांधलेलं आयुष्य. रोजंदारीवरच्या माणसाचे तीन दिवस त्यात जातात, सोबत येणाऱ्याचेही. रोपणासाठी दाता मिळावा लागतो. या वाटेला जाण्याआधी वर्षानुवर्षं आपल्या हातात असतात, आणि त्या काळात लागतो तो एक रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची एक बाटली.

मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार हा जागतिक किडनी दिन. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. आज घरी गेल्यावर आई-बाबांना एवढंच विचारा, ‘शेवटची लघवीची तपासणी कधी केली होती?’ ‘कशाला, मला काय झालंय?’ असं उत्तर आलं, तर तपासणीला त्यांच्याबरोबर तुम्हीच जा.